सहावी-सातवीचं इंग्रजी: व्याकरण आणि अलंकारांना सुरुवात कुठून करायची

पाचवीपर्यंत इंग्रजी म्हणजे गाणी, चित्रं, शब्दार्थ आणि एका-एका ओळीची उत्तरं. सहावीत गेलं की वहीत एकदम आर्टिकल, प्रिपोझिशन, टेन्स, सिमिली, मेटाफर अशी नावं यायला लागतात आणि मराठी माध्यमातलं चांगलं चुणचुणीत मूलही बिचकतं. सेमी-इंग्रजीतल्या मुलांची अडचण थोडी वेगळी असते. गणित-विज्ञानामुळे इंग्रजी संज्ञांची भीती गेलेली असते, पण स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की हात अडतो. हा लेख अशा मुलांसाठी आहे आणि संध्याकाळी त्यांच्या शेजारी अभ्यासाला बसणाऱ्या आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठीही आहे. घरात कुणाचंच इंग्रजी फारसं पक्कं नसेल तरी यातलं बहुतेक सगळं जमतं, कारण त्यासाठी लागणारी मुख्य गोष्ट घरात असतेच. ती म्हणजे मराठी.

'इंग्रजी यायला हवं असेल तर मराठी बाजूला ठेवा' हा सल्ला पुण्यात अनेक पालकांना मिळतो. या वयासाठी तो मला अजिबात पटत नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एक पूर्ण व्याकरण आधीच बसलेलं असतं. 'मी पोळी खाल्ला' असं ते कधी म्हणत नाही. उपमा, रूपक, अनुप्रास हे शब्दही मराठीच्या तासाला त्याच्या कानावरून जातात. ही सगळी कमाई सोडून शून्यापासून सुरुवात कशाला करायची? मात्र मराठी कुठे हात देते आणि कुठे चकवते, हे नेमकं माहीत असायला हवं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: पुस्तक, कोश, वही

राज्य मंडळाच्या शाळांमध्ये मराठी माध्यमाचं इंग्रजीचं पुस्तक आणि इंग्रजी माध्यमाचं इंग्रजीचं पुस्तक वेगवेगळं असतं. अप्पा बळवंत चौकात जूनच्या गर्दीत नुसतं 'सातवीचं इंग्लिश द्या' म्हणालात तर भलतंच पुस्तक हातात पडू शकतं. माध्यम सांगून मागा. ही पुस्तकं तयार करणारी बालभारती 1967 पासून पुण्यातच आहे, सेनापती बापट रस्त्यावर. तिच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. शक्य असेल तर मागच्या इयत्तेचं आणि इंग्रजी माध्यमाचंही पुस्तक उतरवून ठेवा. मागच्या इयत्तेचं उजळणीला लागतं आणि इंग्रजी माध्यमाचं जास्तीच्या कवितांसाठी उपयोगी पडतं.

इंग्रजी-मराठी शब्दकोश छापील घ्या, जुना मिळाला तरी चालेल. त्यात शब्दापुढे एन, व्ही, एडीजे अशी बारीक अक्षरं असतात. तो शब्द नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण, हे त्यावरून कळतं. मोबाइलवर भाषांतर टाकलं की ही माहिती बहुतेक वेळा नजरेआड होते, आणि व्याकरण शिकणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

धड्याच्या प्रत्येक ओळीखाली देवनागरी उच्चार छापलेली गाइडं मात्र घरात आणू नका. मूल त्या ओळी भराभर वाचतं, आपल्याला वाटतं इंग्रजी वाचता येतंय, आणि प्रत्यक्षात त्याची नजर इंग्रजी अक्षरांवर ठरतच नाही. देवनागरीचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे, तो पुढे सांगते.

वही एकच, 200 पानी. पुढून व्याकरण, मागून अलंकार आणि कविता. नियम लिहिण्यापेक्षा वाक्यं लिहायची. एका नियमाखाली स्वतःची पाच वाक्यं असतील तरच तो नियम लिहिण्यात अर्थ आहे.

दुसरी पायरी: आठ नावं एकदाच पक्की करा

इंग्रजीत पार्ट्स ऑफ स्पीच आठ आणि मराठीत शब्दांच्या जातीही आठ. नाउन म्हणजे नाम, प्रोनाउन सर्वनाम, ॲडजेक्टिव्ह विशेषण, व्हर्ब क्रियापद, ॲडव्हर्ब क्रियाविशेषण अव्यय, प्रिपोझिशन शब्दयोगी अव्यय, कंजंक्शन उभयान्वयी अव्यय आणि इंटरजेक्शन केवलप्रयोगी अव्यय. हा आकडा योगायोगाने जुळलेला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप होती, आणि तीच चौकट पुढे आपल्या शाळांत रुजली. म्हणून मराठीच्या तासाला ज्या मुलाने या आठ जाती समजून घेतल्या आहेत, त्याला इंग्रजीत फक्त नावं बदलून घ्यायची आहेत.

पाठ करताना एक काळजी घ्या. शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते, वाक्यात तो काय काम करतो त्यावरून ती ठरते. 'फास्ट' हा शब्द घ्या. 'डेक्कन क्वीन इज अ फास्ट ट्रेन' इथे तो विशेषण आहे. 'द बॉय रन्स फास्ट' इथे क्रियाविशेषण आहे. 'आजी फास्ट्स ऑन एकादशी' इथे तो चक्क क्रियापद आहे, अर्थ उपवास करणे. 'वॉटर' हे नाम सगळ्यांना माहीत असतं, पण 'वॉटर द प्लांट्स' म्हटलं की ते क्रियापद होतं. असे दुहेरी-तिहेरी कामाचे शब्द मुलांकडूनच शोधून घ्या. 'बुक', 'लाइट', 'राउंड' यांपासून सुरुवात करा, मुलांना यात खूप मजा येते.

तिसरी पायरी: शब्दांचा क्रम

माझ्या मते पहिल्या महिन्यात दुसरं काही नाही केलं तरी चालेल, पण हे झालंच पाहिजे.

'आजी चहा पिते.' हेच वाक्य 'चहा आजी पिते' किंवा 'पिते आजी चहा' असं केलं तरी मराठीत कोण काय पितं ते कळतं. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदाचं रूप मिळून अर्थ सांभाळतात. इंग्रजीत ते काम शब्दाची जागा करते. 'ग्रँडमदर ड्रिंक्स टी' बरोबर. 'टी ड्रिंक्स ग्रँडमदर' म्हटलं की चहाच आजीला पिऊन टाकतो! मुलं यावर खळखळून हसतात आणि नियम कायमचा लक्षात राहतो: आधी करणारा, मग क्रिया, मग ज्यावर क्रिया होते ते.

सराव असा. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापा. एका रंगाच्या पेनाने कर्ते लिहा: आजी, द कंडक्टर, माय सिस्टर. दुसऱ्या रंगाने क्रियापदं, तिसऱ्या रंगाने कर्म. उचलून वाक्यं लावा. चार दिवस हे झालं की चौथा रंग आणा, कुठे आणि केव्हा सांगणाऱ्या शब्दांचा. 'द कंडक्टर सेल्स टिकेट्स इन द बस.' तो शेवटी येतो. मराठीत तो आधी येतो, 'कंडक्टर बसमध्ये तिकिटं विकतो', म्हणून मुलं सुरुवातीला हमखास मध्येच घुसवतात. घुसवू द्या, मग चिठ्ठी सरकवायला सांगा. हाताने सरकवलेली चिठ्ठी लाल पेनाच्या खुणेपेक्षा जास्त शिकवते.

चौथी पायरी: मराठी जिथे चकवते त्या जागा

इथे घाई करू नका. सहावी ते आठवीच्या वह्यांमधल्या बहुतेक चुका याच काही जागांवर होतात.

*छोटासा 'एस'.* मराठीत क्रियापद लिंग, वचन, पुरुष सगळ्यांप्रमाणे बदलतं: तो जातो, ती जाते, ते जातात. इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात बदल एकाच ठिकाणी होतो. ही, शी, इट किंवा एकवचनी नाम असेल तर क्रियापदाला एस किंवा ईएस लागतो. बदल इतका लहान की तो विसरतोच. दोन आठवडे फक्त घरातल्या माणसांवर वाक्यं करा: 'बाबा गोज टू ऑफिस.' 'ताई लाइक्स मिसळ.' 'आय लाइक मिसळ.' प्रश्न विचारताना हा एस 'डू'वर उडी मारतो आणि मूळ क्रियापद मोकळं होतं: 'डझ ताई लाइक मिसळ?' 'डझ ताई लाइक्स' ही चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं. एस एकदाच लागतो, एवढं सांगितलं की पुरतं.

*आर्टिकल.* मराठीत 'अ', 'ॲन', 'द' नाहीत, त्यामुळे मुलं ते गाळतात किंवा सगळीकडे 'द' पेरतात. पण मराठी गोष्ट कशी सुरू होते ते आठवा: 'एक राजा होता. त्या राजाला तीन मुली होत्या.' पहिल्यांदा आला तेव्हा 'एक', ओळख झाल्यावर 'त्या'. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'अ किंग', दुसऱ्या ठिकाणी 'द किंग'. आजीच्या गोष्टीतला हा 'एक' आणि 'तो' धरला की निम्मी आर्टिकलं जागेवर बसतात. पाणी, दूध, प्रामाणिकपणा अशा न मोजता येणाऱ्या नामांना 'अ' लागत नाही, एवढं त्यात जोडा. बाकीचे अपवाद पुढच्या वर्षांत हळूहळू येतील.

'अ' की 'ॲन' हे ठरवताना देवनागरी कामाला येते. पुस्तकांत लिहिलेलं असतं की स्वरापुढे 'ॲन'. मुलं स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर बघतात आणि 'ॲन युनिफॉर्म' लिहितात. त्यांना तो शब्द देवनागरीत लिहायला सांगा. युनिफॉर्म 'य'ने सुरू होतो, य हे व्यंजन, म्हणून 'अ युनिफॉर्म'. अवर 'अ'ने सुरू होतो, स्पेलिंगमध्ये एच असला तरी, म्हणून 'ॲन अवर'. 'ॲन ऑनेस्ट बॉय', 'ॲन एमएलए', 'अ वन-रुपी कॉइन', 'अ युरोपियन'. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते आणि नियमही उच्चाराचाच आहे, त्यामुळे उत्तर डोळ्यांसमोर येतं. इंग्रजी घरात बोलणाऱ्या मुलांकडेही हे साधन नसतं.

*पुढे आणि मागे.* शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे जोडून येतं, 'टेबलाखाली'. प्रिपोझिशन नामाच्या आधी सुटं येतं, 'अंडर द टेबल'. एवढं मुलं पटकन शिकतात. अवघड असतं ते इन, ऑन, ॲट. जागेसाठी मोठ्याकडून लहानाकडे जा: 'इन पुणे', 'ऑन लक्ष्मी रोड', 'ॲट अलका चौक'. वेळेचंही तसंच: 'इन 2024', 'इन जून', मग 'ऑन मंडे', 'ऑन 15 ऑगस्ट', मग 'ॲट फाइव्ह ओक्लॉक'. पत्ता आणि तारीख यांवर रोज तीन वाक्यं केली तर महिन्याभरात हे तोंडात बसतं. काही क्रियापदांचं प्रिपोझिशन मात्र नुसतं पाठच करावं लागतं. आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, म्हणून मुलं 'डिस्कस अबाउट' लिहितात. डिस्कसला काहीच लागत नाही. आपण कुत्र्या'ला' घाबरतो, इंग्रजीत 'अफ्रेड ऑफ'. आपण गाणं ऐकतो, इंग्रजीत 'लिसन टू'. वहीच्या मधल्या पानांवर अशी यादी वाढवत न्या.

*'पासून'चे दोन रस्ते.* 'आम्ही 2019 पासून कोथरूडला राहतो.' 'आम्ही पाच वर्षांपासून कोथरूडला राहतो.' मराठीत दोन्हींकडे 'पासून' आणि क्रियापद साधं वर्तमानकाळी. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला असेल तर 'सिन्स', मधला कालावधी सांगितला असेल तर 'फॉर', आणि क्रियापद 'हॅव लिव्ह्ड'. 'वी हॅव लिव्ह्ड इन कोथरूड सिन्स 2019.' 'वी हॅव लिव्ह्ड इन कोथरूड फॉर फाइव्ह इयर्स.' काळांच्या तक्त्यातला प्रेझेंट परफेक्ट मुलांना कोरडा वाटतो, पण या एका वापरातून तो उलगडतो. बाकी तक्ता मराठीशी बराच जुळतो: जातो, जात आहे, गेलो आहे. फक्त 'मला माहीत आहे', 'मला कळतंय', 'मला हवं आहे' यांचं 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम वाँटिंग' करू देऊ नका. मनाच्या स्थिती सांगणारी ही क्रियापदं इंग्रजीत साधीच राहतात: 'आय नो', 'आय वाँट'.

*प्रयोग आणि व्हॉइस.* आठवीत ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइस शिकताना 'कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' असं समीकरण कुणीतरी सांगतं. ते मान्य करू नका. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. चिंच असती तर 'खाल्ली' झालं असतं. इंग्रजीत मात्र तेच 'राम एट अ मँगो', सरळ ॲक्टिव्ह. मराठी प्रयोग क्रियापद कुणाशी जुळतं ते बघतो आणि इंग्रजी व्हॉइस कर्त्याच्या जागी कोण बसलं आहे ते बघतो. पॅसिव्हच्या जवळचं मराठी वाक्य हवंच असेल तर 'आंबा खाल्ला गेला' हे घ्या. सरावाला पाट्या उत्तम: 'पार्किंग इज नॉट अलाउड', 'ऑर्डर्स आर टेकन हिअर'. कुणी घेतल्या हे महत्त्वाचं नाही म्हणून कर्ता गाळला, हे पाटी वाचताना लगेच कळतं. आज्ञार्थी वाक्यांसाठी तर पुणेरी पाट्यांइतका भरघोस साठा कुठेच नाही. त्यांचं इंग्रजी करायला द्या, क्रियापदाने वाक्य सुरू करायची सवय लागते.

*'मी येईन' असं तो म्हणाला.* इनडायरेक्ट स्पीचमध्येही मराठीची सवय आडवी येते. 'तो म्हणाला की मी उद्या येईन' यात येणारा 'तो' आहे, तरी मराठीत 'मी' तसाच राहतो. इंग्रजीत बोलणाऱ्याचं बोट धरून सगळं सरकतं: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे'. मीचा तो झाला, काळ मागे गेला, उद्याचा दुसरा दिवस झाला. हे तीन बदल तीन रंगांनी अधोरेखित करून घ्या.

*'ना?'* मराठीत 'येणार ना?', 'आवडते ना?', सगळीकडे एकच 'ना'. इंग्रजीत क्वेश्चन टॅग मागच्या क्रियापदाचं सहायक रूप घेऊन येतो आणि होकार असेल तर नकार लावतो: 'यू आर कमिंग, आरन्ट यू?' 'शी लाइक्स मिसळ, डझन्ट शी?' वाक्याचा आधी प्रश्न करून बघा, लागणारा सहायक शब्द त्यात सापडतो.

कान तयार होण्यासाठी मेट्रोतल्या घोषणा ऐका. एकच माहिती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाठोपाठ येते. 'दरवाजे उघडतील' आणि 'डोअर्स विल ओपन' शेजारी ऐकले की भविष्यकाळातलं 'विल' वेगळं शिकवावं लागत नाही.

पाचवी पायरी: कविता आधी ऐका, नाव नंतर द्या

व्याकरणाला मी इतकी जागा दिली, पण माझा जीव खरा कवितेत आहे. आणि तिथेच शाळेत सगळ्यात जास्त नुकसान होतं. कविता एकदा वाचली जाते, लगेच फळ्यावर 'लाइन 3: सिमिली, लाइन 7: पर्सॉनिफिकेशन' असं येतं, मुलं उतरवून घेतात. पुढच्या कवितेत तोच अलंकार आला की त्यांना ओळखता येत नाही.

घरी उलट करा. पहिलं वाचन मोठ्याने, अर्थ न सांगता. नुसता नाद. दुसऱ्या वाचनानंतर पुस्तक मिटवून विचारा, 'काय दिसलं?' उत्तर मराठीत चालेल. तिसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन ज्या ओळीपाशी काहीतरी वेगळं वाटलं तिथे खूण करायची. वेगळं का वाटलं ते मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं: 'नदीला माणसासारखं केलंय', 'तोच आवाज परत परत येतोय'. त्यानंतरच नाव द्यायचं.

बहुतेक नावांना मराठीत जोडीदार आहे. सिमिली म्हणजे उपमा, 'लाइक' किंवा 'ॲज' हे शब्द बघा. 'द मून वॉज लाइक अ सिल्व्हर प्लेट.' मेटाफर म्हणजे रूपक, तिथे 'सारखा' गळतो आणि दोन्ही एकच होतात: 'द मून वॉज अ सिल्व्हर प्लेट.' पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती: 'द मुठा, टायर्ड ऑफ समर, स्लेप्ट अंडर द ब्रिज.' हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती: 'आय हॅव टोल्ड यू अ थाउजंड टाइम्स.' घरात रोज बोललं जाणारं वाक्य, त्यामुळे हा अलंकार मुलांना लगेच पटतो.

जोड्या जुळल्या तरी दोन ठिकाणी सांधा तंतोतंत बसत नाही. एक म्हणजे उत्प्रेक्षा. 'जणू' आला की मराठीत उत्प्रेक्षा, हे मुलांनी पाठ केलेलं असतं आणि इंग्रजीत ती त्यासाठी वेगळं नाव शोधत बसतात. शालेय इंग्रजीत 'ॲज इफ', 'ॲज दो' असलेल्या ओळीही साधारण सिमिलीतच धरतात. दुसरं म्हणजे अनुप्रास. मराठीत एखादा वर्ण ओळीत कुठेही पुन्हा पुन्हा आला आणि त्याने नाद साधला की अनुप्रास होतो. इंग्रजी ॲलिटरेशनमध्ये तो आवाज जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीला यावा लागतो: 'सॉफ्टली सँग द सिल्व्हर स्ट्रीम.' व्यंजन शब्दांच्या मध्ये किंवा शेवटी परत येत असेल तर त्याला कॉन्सोनन्स म्हणतात, ते नाव पुढच्या इयत्तांसाठी राहू द्या.

ॲलिटरेशनही स्पेलिंगवर जात नाही, आवाजावर जातं. इथे पुन्हा देवनागरी काढा. 'फाइव्ह फॅट फिश ऑन द फोन' यात फोनचं स्पेलिंग पीएचने सुरू होतं, तरी देवनागरीत चारही 'फ'. उलट 'सिटी' आणि 'कॅट' इंग्रजीत सीने सुरू होतात, देवनागरीत एकीकडे 'स', दुसरीकडे 'क', म्हणून तिथे ॲलिटरेशन नाही. 'नाइट' आणि 'नाइफ' यांचंही बघून घ्या.

यमकाची हीच रीत. कवितेच्या प्रत्येक ओळीतला फक्त शेवटचा शब्द देवनागरीत लिहून काढा आणि मग ए, ए, बी, बी किंवा ए, बी, ए, बी अशा खुणा करा. 'हाय', 'आय', 'फ्लाय' यांची स्पेलिंगं वेगळी असली तरी त्यांचं यमक जुळतं. 'कम' आणि 'होम' यांच्या शेवटी तीच तीन अक्षरं असूनही जुळत नाही. 'गो' आणि 'डू'ही तसेच. राइम स्कीम विचारली की मुलं स्पेलिंग बघून चुकतात, आणि या एका सवयीने तो गुण हातचा जात नाही.

ऑनोमॅटोपियासाठी मराठी मुलं फार श्रीमंत आहेत. खळखळ, सळसळ, टपटप, किणकिण, धो-धो, कडकड असे शब्द आपण सहज वापरतो. जुलैत पाऊस लागला की खिडकीशी बसून आवाजांची मराठी यादी करा, मग शेजारी इंग्रजी शोधा: टपटपला 'ड्रिप', सळसळीला 'रसल', पाणी उडालं की 'स्प्लॅश', कढईतल्या तेलाला 'सिझल', मधमाश्यांना 'बझ'. गणपतीच्या दिवसांत ढोल आणि झांजा ऐकून 'बूम' आणि 'क्लँग' मिळवा.

या वयात दहा अलंकारांच्या व्याख्यांपेक्षा सहांची ओळख पुरे: सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, ॲलिटरेशन, ऑनोमॅटोपिया, हायपरबोली. आठवीत रिपिटिशन, अँटिथिसिस जोडा. ट्रान्स्फर्ड एपिथेट, सिनेकडकी वगैरे मंडळी नववी-दहावीत भेटतील.

धड्यांच्या, म्हणजे गोष्टींच्या संज्ञा तुलनेने सोप्या आहेत. प्लॉट कथानक, सेटिंग स्थळ-काळ, कॅरेक्टर पात्र, नॅरेटर निवेदक. फक्त दोन गल्लती टाळा. गोष्टीतला 'आय' म्हणजे लेखकच असतो असं नाही, तो गोष्ट सांगणारा असतो. आणि थीम म्हणजे तात्पर्य नव्हे. गोष्ट मैत्रीविषयी आहे ही थीम, मित्राला फसवू नये हे तात्पर्य.

सहावी पायरी: उत्तर कसं लिहायचं

'नेम अँड एक्स्प्लेन द फिगर ऑफ स्पीच' या प्रश्नात अनेक मुलं फक्त नाव लिहून थांबतात. एक्स्प्लेनचे गुण वेगळे असतात. प्रत्येक अलंकारासाठी एक पक्कं वाक्य तयार ठेवा आणि त्यात कवितेतले शब्द भरा. मुठेच्या ओळीसाठी: 'द फिगर ऑफ स्पीच इज पर्सॉनिफिकेशन. द रिव्हर इज गिव्हन द ह्यूमन क्वालिटीज ऑफ बीइंग टायर्ड अँड स्लीपिंग.' सिमिलीसाठी: 'द मून इज कंपेअर्ड टू अ सिल्व्हर प्लेट. द वर्ड लाइक इज यूज्ड.' मेटाफरमध्ये दुसऱ्या वाक्याऐवजी 'द कंपॅरिझन इज इम्प्लाइड'. ॲलिटरेशनमध्ये कोणता आवाज परत आला आणि कोणत्या शब्दांत, ते दाखवायचं. अलंकारांच्या इंग्रजी नावांची स्पेलिंगं आठवड्यातून एकदा लिहून घ्या. नाव ओळखूनही स्पेलिंगमुळे गुण गेला की मूल फार हिरमुसतं.

त्याबरोबर महिन्यातून एकदा मुलाने स्वतः चार ओळी रचाव्यात, ठरलेला एक अलंकार वापरून. विषय जवळचे द्या: पर्वतीच्या पायऱ्या, मंडईतली भाजी, सिंहगडावरचं धुकं, शाळेची घंटा. व्याकरण चुकलं तर त्या दिवशी सुधारू नका, दुसऱ्या दिवशी सुधारा.

सातवी पायरी: तपासलेला पेपर

घटक चाचणीचा पेपर घरी आला की किती गुण पडले एवढंच बघून तो कपाटात जातो. त्याऐवजी वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात मराठीच्या सवयीने झालेल्या चुका: गाळलेलं आर्टिकल, राहिलेला एस, चुकलेला क्रम. दुसऱ्यात स्पेलिंगच्या चुका. तिसऱ्यात प्रश्नच न समजल्यामुळे झालेल्या चुका. प्रत्येक चूक आपल्या रकान्यात, बरोबर वाक्यासकट, मुलाच्या हाताने. पहिला रकाना लांब असेल तर चौथ्या पायरीकडे परत जा आणि ज्या जागेवर सगळ्यात जास्त खुणा आहेत तिथूनच सुरुवात करा. दुसरा लांब असेल तर रोज पाच शब्द, लिहून. तिसरा लांब असेल तर पुढचे दोन आठवडे उत्तरं बाजूला ठेवा. मागच्या प्रश्नपत्रिका काढून मुलाला प्रत्येक प्रश्न काय मागतो आहे एवढंच मराठीत सांगायला लावा, आणि 'नेम', 'एक्स्प्लेन', 'रिराइट', 'पिक आउट', 'गिव्ह रीझन्स' या शब्दांखाली रेघ मारून घ्या.